दोनशे ग्रॅम कमी

घड्याळमास्तरांच्या फोनवर दुपारी टुणकन आवाज झाला की त्यांच्या बायकोला न विचारताच कळायचं, पोस्टानं पुन्हा चूक काढली.

मास्तर भिंतीवरची जुनी घड्याळं विकत घ्यायचे, खोलून, पुसून, तेल घालून चालती करायचे आणि पोस्टाच्याच साइटवर ऑनलाइन विकायचे. हाताला कसब होतं, गिऱ्हाईकं खूश होती. कटकट होती ती पोस्टाची. पूर्वी लेबलवर आपण लिहू ते वजन आणि माप खरं धरलं जायचं. गेल्या वर्षापासून पार्सलांच्या हॉलमध्ये मशीन आलं. पट्ट्यावरून जाणारं प्रत्येक पार्सल ते तोलायचं, मोजायचं आणि लेबलात फरक दिसला की विक्रेत्याच्या खात्यातून जादा टपालखर्च आपोआप कापून घ्यायचं. विचारणं नाही, पुसणं नाही. नुसता मेसेज यायचा, 'आपल्या पार्सलच्या आकारणीत दुरुस्ती करण्यात आली आहे.' आयुष्यभर यंत्रं दुरुस्त करत आलेल्या माणसाला एका यंत्रानं उठसूट दुरुस्त करावं, हे मास्तरांना फार झोंबायचं.

तरी तेवढंच असतं तर त्यांनी सोसलं असतं. खरं दुखणं समोरच्या टेबलावर बसलेलं असायचं.

तो त्यांचा साडू, मेहुणीचा नवरा. पेशानं सुतार, आणि घरीदारी सगळे त्याला सुतारच म्हणत. सासऱ्यांच्या घरामागे पत्र्याची एक शेड होती, ती त्यांनी आधी मास्तरांना दिली होती. तीन वर्षं मास्तर तिथे एकटे, राजासारखे. मग सुतार ज्या कारखान्यात होता तो बंद पडला आणि सासरे म्हणाले, "जागा मोठी आहे, त्यालाही घ्या सामावून." मास्तरांनी घेतलं. नुसतं घेतलं नाही, त्याला ऑनलाइन दुकान उघडून दिलं, फोटो काढायला शिकवलं, लेबल छापायला शिकवलं. सुतार लाकडी कोडी बनवायचा. तुकडे जुळवले की कुठे मासा व्हायचा, कुठे जहाज. वर्षभरात मास्तरांच्या एका घड्याळामागे त्याची पाच कोडी जाऊ लागली. आणि त्या अख्ख्या वर्षात त्याला एकही दुरुस्ती आली नाही. त्याच्या दुकानाच्या नावापुढे 'अचूक विक्रेता' अशी हिरवी खूण लागली होती.

"सुताराचं बघून शिका थोडं," बायको एकदा म्हणाली.

"त्याला मी शिकवलंय."

"मग आता परत मागून घ्या."

सासरे तर शेडमध्ये कुणी आलं की फोन काढून ती खूण दाखवायचे. "आमचे धाकटे जावई. हिरवे आहेत!" थोरले जावई तिथेच डोळ्याला भिंग लावून बसलेले असायचे. भिंगातून चक्रापलीकडचं काही दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं.

बरं, सुतार इतका सरळ की भांडायलाही निमित्त मिळू नये. येता-जाता म्हणायचा, "मास्तर, तुमच्यामुळे आहे हो सगळं," आणि मास्तर आणखीच चिडायचे. एखाद्यानं आपल्याला लुटलं तर बोंब तरी मारता येते. आभार मानणाऱ्याचं काय करायचं?

अशातच परगावी सुताराच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. चार दिवस जावं लागणार होतं.

"मास्तर, तेवीस पार्सलं बांधून ठेवलीत. घाईत वजनं तेवढी राहिली. तोलायची, लेबलं लावायची आणि टाकायची. दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं."

"जा रे बिनघोर," मास्तर म्हणाले, आणि त्या क्षणी ते मनापासूनच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सुताराचं पहिलं पार्सल शेडमधल्या काट्यावर ठेवलं. सहाशे चाळीस ग्रॅम. बोटं आकडा लिहायला गेली आणि फोन टुणकला. दुरुस्ती. तीही त्या लंबकाच्या घड्याळाची, ज्याच्यावर त्यांनी तीन आठवडे जीव ओतला होता. मास्तर फोनकडे बघत राहिले, मग कॉम्प्युटरकडे. आणि त्यांनी लिहिलं, चारशे चाळीस.

एकदाच, असं त्यांनी मनाला सांगितलं. कसं वाटतं ते कळू दे त्यालाही. पण एका घासानं भूक भागायच्या ऐवजी वाढली. दुसरं झालं, तिसरं झालं. दहाव्यानंतर तर विचार करायचीही गरज उरली नाही. तोलायचं, दोनशे वजा करायचे, लेबल चिकटवायचं. तेवीस पार्सलं टाकून ते घरी आले आणि पोटभर जेवले.

"आज स्वारी खुशीत दिसतेय," बायको म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सुताराच्या खात्यावर तेवीस दुरुस्त्या एकदम येऊन आदळल्या. मास्तरांनी धरलं होतं, फार तर हिरवी खूण जाईल. पण यंत्राला चेष्टा कळत नाही. एका दमात तेवीस चुका म्हणजे लबाडीच, असं धरून त्यानं सुताराचं दुकान तपासणीसाठी बंद करून टाकलं. आणि त्याच आठवड्यात एका शाळेला साठ कोडी जायची होती.

सुतार परतला तो थेट शेडमध्ये, खांद्यावरची बॅगही न उतरवता. मास्तरांनी मान वर केली नाही. आता आपली सालटी निघणार, म्हणून ते अंग चोरून बसले.

"मास्तर, सापडलं!"

"काय?"

"तुमच्या दुरुस्त्यांचं कारण! हा काटाच खोटा आहे. मी आपला घरच्या काट्यावर तोलून आणायचो. पहिल्यांदा माझी पार्सलं या काट्यावर चढली आणि बघा, तेवीसच्या तेवीस चुकली. इतके महिने सगळे उगाच तुम्हाला बोल लावत होते. उठा, काटा घेऊनच पोस्टात जाऊ. माझंही निस्तरू, तुमचंही."

बोलायचं तर हीच वेळ होती. मास्तरांनी ती घालवली आणि चपला घातल्या.

तक्रारींच्या खिडकीमागे एक बाई होत्या, चष्मा दोरीनं गळ्यात लटकलेला. मागच्या काचेतून पट्टा दिसत होता, त्यावरून पार्सलं मुकाट्यानं सरकत होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, कपाटातून वजनं काढली आणि काट्यावर ठेवली. एक किलोला एक किलो. अर्ध्याला अर्धा.

"काटा सोन्यासारखा आहे," त्या म्हणाल्या.

"मग यांच्या दुरुस्त्या का येतात?" सुतारानं स्वतःच्या आधी मास्तरांचं विचारलं.

बाईंनी स्क्रीन वळवला. मशीन प्रत्येक पार्सलचा फोटो काढून ठेवत होतं. मास्तरांची खोकी एकामागून एक आली. प्रत्येकाचं झाकण मधोमध फुगलेलं.

"माप कधी घेता? भरायच्या आधी ना?"

"हो."

"मग जीव लावून इतकं कोंबता की झाकण दोन बोटं वर येतं. मशीन सगळ्यात उंच जागा धरतं. वजनात तुम्ही एकदाही चुकला नाहीत. खोक्याचं पोट सुटलंय, इतकंच. मोठं खोकं घ्या."

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. वर्षभर रक्त आटवलं ते दोन बोटं पुठ्ठ्यापायी.

"आता तुमचं," बाई सुताराकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. "सहाशे चाळीसच्या जागी चारशे चाळीस. सातशे दहाच्या जागी पाचशे दहा. सगळी बरोब्बर दोनशे ग्रॅम कमी. बिघडलेला काटा असा शिस्तीत बिघडत नाही. हे कुणीतरी हातानं केलंय. लेबलं कुणी बनवली?"

सुतार आकड्यांकडे बघत राहिला. मग त्यानं सावकाश मान वळवून मास्तरांकडे पाहिलं. पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"मीच बनवली," तो बाईंना म्हणाला. "आईचं ऑपरेशन होतं. डोकं ठिकाणावर नव्हतं."

मास्तरांना लाज वाटली, हे खरं. पण लाजेच्याही आधी, चटका बसावा तसा, हेवाच वाटला. हाही मोठेपणा यालाच! मी चिखलात बसलो, तर हा मला बाहेर काढायला येतो आणि तिथेही वरचढ ठरतो. तो हेवा इतका उघडावाघडा, इतका निर्लज्ज होता की मास्तर स्वतःलाच घाबरले.

"खोटं बोलतोय तो," ते म्हणाले. "मी केलं. जाणूनबुजून."

"मास्तर, राहू द्या ना."

"तू गप रे. एवढं तरी माझं मला करू दे."

बाईंनी दोघांना आळीपाळीनं न्याहाळलं. "नातं काय तुमचं?"

"साडू."

"हं," बाई म्हणाल्या, जणू त्यात सगळं आलं, आणि त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

मास्तरांनी लिहून दिलं. सुताराचं दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं, साठ कोडी वेळेत गेली. मास्तरांचं दुकान महिनाभर बंद झालं.

परतताना सुतार काटा काखेत धरून पुढे चालत होता. रस्ता ओलांडायला थांबले तेव्हा तो समोर बघतच बोलला.

"पहिल्या पार्सलाला चुकून झालं म्हणाला असतात, तर मी मानलं असतं. तेवीस, मास्तर. तेवीस वेळा तुम्ही ते केलंत."

मास्तर त्याच्या मागोमाग रस्ता ओलांडू लागले.

घरात हे लपून राहणं शक्यच नव्हतं. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आगीत तेल मीही ओतलं म्हणा." सासऱ्यांनी कुणाला फोन दाखवणं सोडलं, निदान मास्तरांदेखत तरी. पंधरवड्यानं सुतारानं दोन गल्ल्या पलीकडे जागा घेतली. भांडण नाही, तंटा नाही. "इथं आता पुरत नाही," एवढंच म्हणाला.

सामान हलवायच्या दिवशी मास्तर मुद्दाम उशिरा गेले. बाकी सगळं निघालं होतं, पण सुताराचं कामाचं जाडजूड टेबल शेडमध्येच होतं, आणि सुतार दारात उभा होता.

"जरा धरता का?"

मास्तरांनी दुसरं टोक धरलं. टेबल दारातून निघेना. आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं.

"थोडं तुमच्याकडे घ्या."

"अरे, माझी बोटं!"

शेवटी पाय वर करून ते बाहेर आलं. रस्त्यात ते तीनदा टेकवावं लागलं. तिसऱ्या खेपेला मास्तरांनी धापा टाकत विचारलं, "राग आहे अजून?"

"आहे," सुतार म्हणाला. "कधी जाईल सांगता येत नाही. पण टेबल एकट्याला उचलत नाही."

नवी जागा लहान होती, पण एका भिंतीला भलीमोठी खिडकी होती आणि सगळीकडे स्वच्छ उजेड पडला होता. असल्या उजेडात भिंगाशिवायही घड्याळ खोलता आलं असतं.

"जागा झकास आहे," ते म्हणाले. मग खिडकीची कडी उघडून बघत म्हणाले, "हेवा वाटतोय मला."

मास्तरांच्या तोंडून हा शब्द सुतारानं कधी ऐकला नव्हता.

"वाटू द्या," तो म्हणाला. "फक्त लेबलांना हात लावू नका."

मास्तरांना हसू फुटलं. सुतार हसला नाही, पण त्यानं टेबलाचं आपलं टोक पुन्हा उचललं. तोंड खिडकीकडे करायचं की दाराकडे, यावर मग दोघांचं बराच वेळ जमेना.