वाटणीची यादी

नोटीस १९६१च्या जुलैत आली. कॉटनपेटमधल्या दुकानात पोस्टमनने बसवंतची सही घेऊन ती दिली. इंग्रजी होती म्हणून ती दुपारपर्यंत कापडाच्या ठाणावर तशीच पडून राहिली. शेजारच्या छापखानेवाल्याने वाचून दाखवली, तेव्हा कळलं की मागच्या चार वर्षांची इन्कमटॅक्सची विवरणपत्रं भरलेली नाहीत आणि ती महिन्याभरात भरायची आहेत. एका कारखान्याच्या कामगारांचे खाकी कपडे शिवायचं कंत्राट बसवंतकडे होतं. कारखान्याने चुकत्या केलेल्या बिलांवरून कचेरीला त्याचा पत्ता लागला होता.

टॅक्सचं काय करायचं, हे त्याने सत्तावन्न साली थोरल्या भावाला विचारलं होतं. घराचा टॅक्स मी भरतो, त्यात तुझं नाव आहे, तू त्यात पडू नकोस, असं पिराजीअण्णा म्हणाले होते. बसवंत त्यात पडला नाही. चूक त्याची होती, आणि ती एवढीच होती.

बाळेपेटमध्ये बिंदुमाधवराव नावाचे वकील टॅक्सची कामं करत. त्यांनी कचेरीत जाऊन पिराजींची फाइल पाहिली आणि दोन दिवसांनी बसवंतला बोलावलं. फाइलीत घर एकत्र होतं. पिराजी कर्ता आणि बसवंत वाटेकरी, असं दरसाल लिहून दिलेलं होतं. घरात दोन सज्ञान वाटेकरी असले की एकत्र कुटुंबाला करमाफी जास्त मिळते, हे वकिलांनी समजावून सांगितलं. पाच वर्षं बसवंतचं नाव त्या कामाला लागलं होतं.

"पण आम्ही छप्पन्न सालीच वेगळे झालो," बसवंत म्हणाला.

"कागदावर नाही झालात. आणि घर एकत्र असेल तर तुमचं दुकानही घराचंच. नऊ मशीन, कंत्राट, सगळं. ते चालवायचा, विकायचा अधिकार कर्त्याचा."

चार वर्षांची विवरणपत्रं स्वतःच्या नावाने भरायची, तर घर केव्हा फुटलं आणि कुणाच्या वाट्याला काय आलं, हे आधी सिद्ध करावं लागणार होतं. त्यासाठी पिराजींची जबानी हवी होती.

बसवंत त्याच संध्याकाळी चिकपेटला गेला. वडलांनी उभं केलेलं साड्यांचं घाऊक दुकान पिराजी चालवत. समाजाच्या मंदिराचे ते अध्यक्ष होते आणि दर उत्सवात एकत्र कुटुंबावर बोलत. गादीवरून त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की घर फुटलेलंच नाही. बायकांचं पटेना म्हणून चूल वेगळी केली होती, एवढंच.

"घर फुटलं असं माझ्या हातानं लिहून घेणार तू? बापाच्या नावावर?"

मग पिराजींनी तोड सुचवली. चार वर्षांचा टॅक्स आणि दंड ते भरतील. कॉटनपेटचं दुकान घराच्या नावावर येईल. बसवंतने तिथेच बसून काम पाहावं, दरमहा काहीतरी ठरवून देता येईल. कारखान्याचं कंत्राट किती वर्षांचं आहे, हेही त्यांनी विचारलं. त्या प्रश्नावर बसवंत चहा तसाच ठेवून उठला.

घरी बायको ठकुबाईने सगळं ऐकलं आणि एकच म्हणाली, दिलं ते लिहा. बसवंतला तेच जड जात होतं. वडलांचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पिराजींनी या दोघा नवराबायकोला बाळेपेटच्या घराबाहेर काढलं होतं. बरोबर दिलं ते एक जुनं पायमशीन, एक खाट आणि दोन भांडी. वाटणी मागशील तर कोर्टात म्हातारा होशील, असं त्यांनी दारातच ऐकवलं होतं. गल्लीत लोकांनी विचारलं, तेव्हा बसवंतने सांगितलं की अण्णांनी वाटा दिला, सगळं समजुतीनं झालं. पाच वर्षं तो हेच सांगत आला. भावाची अब्रू त्यानेच राखली होती, आणि आता त्याच अब्रूच्या जोरावर भाऊ त्याचं दुकान मागत होता.

वकिलांनी मुदत वाढवून घेतली आणि ऑगस्टच्या अखेरीस टॅक्सच्या कचेरीत सुनावणी झाली. टेबलापलीकडे साहेब, बाजूला लिहून घेणारा कारकून, अलीकडे एका बाकावर पिराजी आणि त्यांचा वकील, दुसऱ्यावर बसवंत, ठकुबाई आणि बिंदुमाधवराव. पिराजींनी शपथेवर सांगितलं की कुटुंब एकत्र आहे, कधी फुटलं नाही. आवाज मंदिरात असतो तसाच होता. साहेबांनी बसवंतकडे पाहिलं.

बिंदुमाधवराव उठू लागले. बसवंतने त्यांना हातानेच बसवलं.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "अण्णा सांगतात तसंच लिहा. घर एकत्र आहे. मग बाळेपेटचं घर अर्धं माझं, चिकपेटचं दुकान अर्धं माझं, हेही लिहा. छप्पन्नपासूनचा हिशेब मला दाखवायला सांगा. सोमवारी आम्ही सामान घेऊन राहायला येतो. माडीवरची खोली रिकामी करून ठेवा, अण्णा."

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. लिहा, म्हणून साहेबांनी मान हलवली. पिराजींचा वकील त्यांच्या कानाशी लागला आणि मग उभा राहून त्याने दहा मिनिटं मागितली.

व्हरांड्यात पिराजींचा सूर बदलला. वेगळे झालो असं सांगायला ते तयार होते, पण वाट्यात रोख पाच हजार आणि चार मशीन दाखवायची. बिंदुमाधवरावांनी बसवंतला बाजूला घेऊन सांगितलं की हे मान्य करा, दुकान वाचतं, बाकी आकड्यांचं मनाला लावून घेऊ नका. बसवंत कठड्याला टेकून उभा राहिला. आणखी एकदा खोटं बोललं की संपत होतं. सवयीचंच होतं.

"माझी स्वल्प तरी लाज राख," पिराजी म्हणाले. "तुला काय जातंय?"

"पाच वर्षं राखली," बसवंत म्हणाला. "तुम्ही तिच्यावर करमाफी घेतलीत. आता दिलं तेवढंच लिहायचं. नाहीतर सोमवारी येतो."

आत गेल्यावर बसवंतने यादी सांगितली आणि कारकुनाने ती लिहून मोठ्यानं वाचली. पिराजींच्या वाट्याला बाळेपेटचं घर, चिकपेटचं दुकान, त्यातला माल आणि येणी. बसवंतच्या वाट्याला जुनं पायमशीन एक, लाकडी खाट एक, पितळी पातेली दोन. कारकून पुढचं कलम येईल म्हणून थांबला. आलं नाही. पलीकडच्या टेबलावरच्या दोन कारकुनांनी लिहिणं थांबवून इकडे पाहिलं.

"इतकंच?" साहेबांनी विचारलं.

पिराजींचा चेहरा काळवंडला होता. "एक तांब्याचा हंडाही दिला होता," ते घाईने म्हणाले. "मोठा."

कारकुनाने हंडा लिहिला.

ठकुबाई बाकावरून उठली. थोरल्या दिरासमोर तिने आजवर तोंड उघडलं नव्हतं. आताही ती त्यांच्याशी बोलली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून साहेबांना कन्नडमध्ये म्हणाली, "तो हंडा माझ्या माहेरचा आहे. माझ्या आईचं नाव आहे त्याच्यावर. तो दिरांनी दिला नाही, उलट ते ठेवून घ्यायला निघाले होते. खोडा."

साहेबांनी पिराजींकडे पाहिलं. पिराजी टेबलाच्या कडेकडे पाहत राहिले. साहेबांनी हंड्यावर रेघ मारली आणि समासात आद्याक्षरं घातली.

वाटणी विषम असली तरी दोघांना मान्य असेल तर कचेरीची हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. मग बसवंतला दोनदा विचारलं की या कागदावर सही केल्यावर घरावर आणि दुकानावर तुमचा काही हक्क राहणार नाही, हे समजलंय का. समजलंय, असं तो दोन्ही वेळा म्हणाला. दुसऱ्या वेळी त्याचा आवाज इतका चढला की शिपाई दारातून डोकावला. बापाच्या दोन्ही वास्तू देऊन तो स्वतःच कमावलेलं दुकान सोडवून घेत होता. आधी पिराजींनी सही केली, मग त्याने.

चार वर्षांची विवरणपत्रं पंधरा दिवसांत आणा, दंडाचं नंतर बघू, असं साहेब म्हणाले. बिंदुमाधवराव कोरे फॉर्म आणायला गेले.

पिराजी जिन्याच्या तोंडाशी थांबले होते. त्यांनी वकिलाला पुढे पाठवलं.

"झालं ते झालं," ते हळू आवाजात म्हणाले. "ही यादी मंदिरात कुणाला कळू देऊ नकोस."

"मी होऊन सांगायला जाणार नाही," बसवंत म्हणाला. "विचारलं तर सांगेन. खाट, मशीन, दोन पातेली."

पिराजी आणखी काहीतरी बोलणार होते. ठकुबाई त्यांच्या शेजारून, पदर न ओढता, जिना उतरून गेली.