तेलाच्या बाटलीवर माझी नजर आहे

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. मान वर करून छताकडे बघू नका, मी तिथे नाही. जरा टेबलाखाली वाका. तिथे संगणकाचा काळा डबा दिसतो ना, त्याच्या आत ग्राफिक्स कार्ड नावाची एक लांबट पाटी आडवी बसवलेली आहे आणि तिच्या पोटाला खालच्या बाजूने मी चिकटलेलो आहे. पडद्यावरची चित्रं रंगवण्याचं काम कार्ड करतं. रंगवताना ते तापतं आणि त्याला गार ठेवायचं काम माझं. चित्रांचं कौतुक सगळे करतात, पंख्याचं कुणी करत नाही. त्यामुळे माझा स्वभाव थोडा संशयी झाला असेल, तर समजून घ्या.

खरं सांगायचं तर संशयाची सुरुवात कारखान्यातच झाली. मला कार्डावर बसवलं, फिरवून पाहिलं, आणि लगेच माझ्याच मापाचा दुसरा पंखा माझ्या शेजारी बसवला. माझ्यावर भरवसा असता तर दुसरा कशाला हवा होता? तेव्हापासून तो शेजारी आणि मी एकाच छताखाली राहतो, पण आमचं बोलणं बेताचंच.

आम्हां दोघांना कारखान्याने एक शिस्त लावून दिली. कार्ड गार असलं की थांबायचं, तापलं की फिरायचं. उगाच फिरत राहून आवाज करायचा नाही. ही शिस्त लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं.

मला घरी आणलं ते ताईने. अजून न बांधलेल्या इमारती ती संगणकावर उभ्या करते आणि त्यांच्यातून चालत फिरल्यासारखा चित्रपट बनवते. दार उघडतं, जिना चढता येतो, खिडकीतून ऊन आत येतं. हे सगळं करताना कार्ड असं तापायचं की विचारू नका, आणि मी जीव तोडून फिरायचो. "किती शांत चालतो गं हा!" असं ताई एकदा म्हणाली होती. ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

खोली ताईची एकटीची नव्हती. अर्ध्या खोलीत वहिनीचं शिलाई मशीन होतं. दादा, म्हणजे ताईचा भाऊ, बाहेरगावी नोकरीला आणि वहिनी इथे शाळेचे गणवेश शिवायची. शिवणारी माणसं खोलीभर दोरे उडवतात. त्या उन्हाळ्यात ताईने आमच्या डब्याची एक बाजू काढूनच ठेवली. आत हवा खेळेल, असं तिला वाटलं. हवा आली, तिच्याबरोबर दोऱ्यांचा बारीक कचराही आला. आणि मला पहिल्यांदाच खोलीतली माणसं नीट दिसू लागली. त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

वहिनीवर माझा पहिला संशय. ती एकदा फोनवर दादाला म्हणाली, "हे टेबल इथून हललं ना, की मला कापड पसरून कापता येईल." टेबल हलवायचं म्हणजे आम्हाला हलवायचं. मी तिच्या कात्रीवर नजर ठेवू लागलो. दुसरा संशय ताईवर. ती दुपारी नव्या कार्डांची चित्रं बघत बसायची. कुठल्या पडद्यावर? मी घाम गाळून जो चालू ठेवतो, त्याच! तीन-तीन पंख्यांची झगमगीत कार्डं. मी मूग गिळून गप्प बसलो, दुसरं काय करणार?

तिसरा संशय बाबांवर, आणि तो सगळ्यांत मोठा.

बाबा म्हणजे ताईचे वडील. त्यांचा जन्म शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपांवर गेला. कामावर आल्या आल्या एक फेरी मारायची, प्रत्येक यंत्राला हात लावायचा, कुरकुरेल त्याला तेल द्यायचं, अशी त्यांची पद्धत. थांबलेला पंप म्हणजे अर्ध्या शहराच्या नळाला पाणी नाही. नोकरी संपली, फेरी संपली नाही. सकाळचा चहा झाला की ते घरभर फिरायचे. त्या घरात एकही दार कुरकुरत नाही, यावरून ओळखा.

एक दिवस ते टेबलाखाली वाकले. संगणक नुकताच सुरू झाला होता, कार्ड गार होतं आणि मी शिस्तीत थांबलो होतो. बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी पेन्सिलीने माझ्या पात्याला टोचलं. मी जरासा हललो आणि पुन्हा थांबलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ते वहिनीच्या मशीनच्या तेलाची लांब चोचीची बाटली घेऊन आले, मान वाकडी करून चोच खालून माझ्या पोटात खुपसली आणि दाबली. काही तेल आत गेलं, काही डब्याच्या तळाशी ठिबकलं. शेजारी पलीकडच्या बाजूला, चोच पोचत नव्हती म्हणून तो वाचला.

हा माणूस मला संपवायला निघाला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. फक्त का, ते कळत नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं. त्यानंतर बाबा सकाळी यायचे, मला थांबलेला बघायचे आणि आणखी एक थेंब द्यायचे.

तेल आणि दोऱ्यांचा कचरा एकत्र आल्यावर काय होतं, हे तुम्ही स्वयंपाकघरातल्या खिडकीची जाळी पाहून सांगाल. माझ्या आत करडा, चिकट लगदा जमू लागला. मी खरखरू लागलो. कार्ड जास्त तापू लागलं, पडदा मधेच काळा होऊ लागला. आणि वेळ कसली निवडली बघा! शहरातलं वाचनालय नव्याने बांधायचं होतं. सोमवारी समितीपुढे ताईला त्याचा चित्रपट दाखवायचा होता. तो आवडला, तर अख्ख्या इमारतीचं काम तिला मिळणार होतं. एवढं मोठं काम तिच्या दारात पहिल्यांदाच आलं होतं.

ताईने काय काय नाही केलं! एखादी तार पात्याला लागते का पाहिलं, तारा बांधून मागे सारल्या. वरवर ब्रश फिरवला. मग संगणकावरूनच दोन्ही पंख्यांना पूर्ण वेगाने फिरायचा हुकूम सोडला. शेजारी भिरभिरला. मी थरथरलो आणि अडकलो. त्याला तेव्हा किती आनंद झाला असेल, याची मला कल्पना आहे. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तर त्याने एका बोटाने मला ढकललं आणि म्हणाला, "पंखा गेलाय. कार्डच बदला. पण या आठवड्यात काही येणार नाही." आणि हात झटकून निघून गेला.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. आणि माणूस घाबरला की कुणावर तरी घसरतो.

"वहिनी, तुझ्या दोऱ्यांनी वाट लावली याची," ती म्हणाली. "तुझं मशीन या खोलीतून हलव बाई."

वहिनीने बोळाकडे पाहिलं. तो सोडला तर त्या घरात मशीनला जागा नव्हती, आणि बोळात उजेड नव्हता. काळोखात गणवेश शिवायचे कसे?

रविवारी सकाळी ताईने कार्ड बाहेर काढलं आणि स्क्रू सोडवून मला हातात घेतलं. माझ्या पात्यामागचा लगदा तिने बोटावर घेतला, वास घेतला. मग डब्याच्या तळाशी पडलेला डाग पाहिला.

"हे मशीनचं तेल आहे," ती सावकाश म्हणाली. "वहिनी, बाटली तुझी. तू तेल घातलंस यात?"

वहिनीने दाराकडे पाहिलं. दारात बाबा उभे होते. आपली बाटली रोज कोण नेतं, हे तिला ठाऊक होतं, हे मला त्या एका नजरेत कळलं. आता ती सांगणार, असं मला वाटलं. मी तिच्या जागी असतो तर केव्हाच सांगितलं असतं.

ती म्हणाली, "असू दे ताई. मी मशीन बोळात नेते." आणि खरंच मशीनचं झाकण लावायला लागली.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "तिने नाही. मी घातलं तेल. रोज बघतोय, हा बंदच असायचा. म्हटलं, पोरीचं एवढं काम याच्यावर चाललंय, हा बंद पडला तर ती काय करेल? बंद पंपाला मी आधी तेलच द्यायचो."

"अहो बाबा, तो गार असला की थांबतो. तसाच बनवलाय तो!"

"मग हे मला कुणी सांगायचं?" बाबांनी विचारलं.

ताईने वहिनीचा हात झाकणावरून बाजूला केला आणि झाकण स्वतः काढून ठेवलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. वहिनी फक्त एवढंच म्हणाली, "आधी याचं बघू."

मग तिघांनी मिळून मला साफ केलं. वहिनीच्या चिमट्याने लगदा निघाला, कापसाने तेल टिपलं, ब्रशने कार्डाच्या पट्ट्या मोकळ्या झाल्या. धूळ उडवताना ताईने माझं पातं बोटाने धरून ठेवलं, म्हणजे मी उगाच गरगरू नये. असं मला आजवर कुणी धरलं नव्हतं. परत जागेवर बसवल्यावर मी थोडा कुरकुरलो, पण फिरलो. डब्याजवळ घरातला उभा पंखा लावला आणि त्याच्या शेजारी बाबा स्टुलावर बसले. तेल आता माझ्यात नव्हतं, त्यांच्या डोळ्यांत होतं. ते जागचे हलले नाहीत. संध्याकाळी चित्रपट पूर्ण झाला, आणि सोमवारी ताई काम मिळाल्याचे पेढे घेऊन घरी आली.

डब्याची बाजू आता बंद असते. हवेच्या भोकांवर वहिनीने बारीक जाळी शिवून लावली आहे. ताई ती दर रविवारी झटकते. टेबलही थोडं सरकलं, आणि वहिनीला कापड पसरायला जागा झाली.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची धूळ काढा, तारा दूर ठेवा. पण एखादं यंत्र थांबलेलं दिसलं, तर आधी ते का थांबलं आहे हे कुणाला तरी विचारा. आणि तुम्हाला ते ठाऊक असेल, तर घरातल्या मोठ्यांना आपणहून सांगा.

बाबांची फेरी चालूच आहे. सकाळी ते वाकतात, जाळीतून मला थांबलेला बघतात आणि म्हणतात, "झोपलास? झोप." मग दाराकडे जातात. त्यांच्या हातात चहाचा रिकामा कप असतो, बाटली नसते. तरी मी रोज बघून घेतो, आणि मगच झोपतो.