न उकळणारी मोटार

हिंदुरावांनी पुण्याच्या एका गोऱ्या साहेबाची जुनी शर्यतीची मोटार आणली, आणि तेव्हापासून त्यांचा मिस्त्री कुंडलिक बारामतीत अडकून पडला. इंदापूरकडच्या साखर कारखान्यात त्याला जागा ठरली होती. पण तीन पिढ्या हिंदुरावांचं मीठ खाल्लेलं. त्यांचा निरोप घेतल्याशिवाय जायची सोय नव्हती. आणि निरोप मागितला की ते म्हणत, "आधी गाडीचं बघ, मग जा."

हिंदुरावांच्या लेखी गाडीचं म्हणजे काय, तर पितळी भोंगा अन् मखमली गादी! मोटार मेली चार मैलांत उकळायची, त्याचं काही नाही. थंड मुलखातलं जनावर ते, इथल्या उन्हात धापा टाकणारच.

शेवटी कुंडलिक इरेला पेटला. गाडीत सुधारायला काही उरलंच नाही, की आपण सुटलो! त्यानं ब्रेक नीट केले, चाकोऱ्यांचे दणके सोसतील अशा स्प्रिंगा घातल्या, इंजिनाचं पाणी गार राहावं म्हणून मोडक्या लॉरीचा मोठा रेडिएटर चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुराव एकटेच गाडी घेऊन गेले, ते दुपारी परतले. खूश होऊन त्यांनी कुंडलिकला स्वतःच्या हातानं फेटा बांधला, नारळ दिला.

"मालक, आता तरी जाऊ का?"

"कुठं? आरं, थेट तुझ्या कारखान्यापतूर जाऊन आलो, वाटंत कुठं थांबलो न्हाय! तितल्या साहेबाला सांगूनच आलोय, आमचा कुंडलिक काय येत न्हाय म्हणून. असला मिस्त्री कोण सोडतंय?"

कुंडलिक नारळ धरून उभा राहिला. तो रेडिएटर बसवला नसता, तर हिंदुराव चार मैलांच्या पुढं गेलेच नसते.