दूध साकळलंय

कल्याणात पारनाक्याच्या मागच्या गल्लीत आवडाबाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. नवऱ्यामागे घर त्यांनी ओढलं, त्र्यंबकला ठाण्याच्या कचेरीत चिकटवला, सुमतीला गिरगावात चांगल्या घरी दिली, आणि हे सगळं गल्लीला अधूनमधून ऐकवलंही. गल्ली ऐकून घेई, कारण अडल्यानडल्याला धावून जाणारीही तीच बाई होती.

गाठीचा ताप मुंबईतून आगगाडीने आला आणि कल्याणात उतरला. मग घरोघर तपासणी सुरू झाली. एक कारकून, दोन शिपाई, मागे रिकामी डोली. अंगात ताप आणि काखेत नाहीतर जांघेत गाठ दिसली की माणूस डोलीत, आणि डोली खाडीकाठच्या छावणीत. तिथे गेलेलं माणूस परत येत नाही, असं लोक म्हणत. कुणी म्हणे सुई टोचून मारतात, कुणी म्हणे उलटं टांगून टाळूतून तेल काढतात. आवडाबाईंचा तेलावर विश्वास नव्हता. "आपल्या गल्लीतल्या माणसांत तेल आहे कुठे निघायला?" असं त्या म्हणत. पण परक्या पुरुषाने बाईच्या काखेत हात घालायचा, हे त्यांना तेलाहून वाईट वाटे.

तपासणी पहिल्यांदा आली तेव्हा समोरच्या वासंतीला ताप होता आणि काखेत गळू होतं. मूल अंगावर पीत होतं. कारकून उंबऱ्याशी आला तशा आवडाबाई पदर खोचून मध्ये उभ्या राहिल्या.

"दूध साकळलंय तिचं. छाती सुजली की काखेत गाठ येते, ताप भरतो. तपासायचंय? तपासा. मग घरी जाऊन बायकोला सांगा, कुठे हात लावून आलात ते."

कारकुनाचे कान लाल झाले. तो पुढच्या घरी गेला. चार दिवसांत वासंतीचं गळू फुटलं, ताप उतरला, आणि गल्लीच्या हाती किल्ली आली.

मग काय, सगळ्या गल्लीचं दूध साकळलं. जिचं मूल शाळेत जात होतं तिचं साकळलं, जिला मूलच नव्हतं तिचं साकळलं, कोपऱ्यावरच्या सत्तरीच्या आजीबाईंचंही साकळलं. कारकून खाली मान घालून पुढे सरके. त्यातल्या दोघी गेल्या, एक त्या आजीबाईच. त्यांना गुपचूप पोचवलं, आणि पाठोपाठ एकीचा नवराही गेला. आपण वासंतीपुरतं बोललो, बाकीच्यांचं बाकीच्यांच्या माथी, असं आवडाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं. ठरवलं तरी त्या आजीबाईंच्या दारावरून जाताना त्यांची मान दुसरीकडे वळे.

सुमती पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, गुटगुटीत झाली, महिना सरला, आणि एका सकाळी सुमतीला थंडी वाजून ताप भरला. डावी छाती दगडासारखी, तांबडीलाल. काखेत सुपारीएवढी गाठ. पोर उजवीकडेच ओढी, डावीकडे घेतलं की रडे. हे आवडाबाईंच्या आधीच ध्यानात आलं होतं. त्यांनी शेक दिला, कणकेचं पोटीस बांधलं. "दूधच आहे गो," त्या लेकीला म्हणाल्या. "तुझ्या वेळी माझंही असंच झालं होतं."

म्हणाल्या आणि स्वतःचंच वाक्य त्यांच्या कानांत वाजलं. हेच वाक्य या गल्लीत किती तोंडांतून गेलं होतं.

दुपारी विहिरीवर शेजारच्या रंगूबाई भेटल्या. दोघींच्या परसांत एक कमरेएवढी भिंत. रंगूबाई पोहरा ओढता ओढता म्हणाल्या, "आमच्या रतनचंही दूध साकळलंय हो. कालपासून ताप उतरत नाही."

रतन म्हणजे त्यांची सून. तिच्या माळ्यावर दोन दिवसांपूर्वी उंदीर मेलेले सापडले होते, आणि रंगूबाईंनी ते राखेत पुरले होते, हे आवडाबाईंनी भिंतीवरून पाहिलं होतं.

"शेक द्या," आवडाबाई म्हणाल्या, आणि घागर उचलून आत गेल्या.

संध्याकाळी त्र्यंबक ठाण्याहून आला. "आई, उद्या कारकुनाबरोबर डाक्टरीण येणार आहे. पारशीण आहे, मुंबईची."

"येईना का. बाईच ना? बाईला बाईसारखं सांगू."

"ती ऐकायला येत नाही, बघायला येते. या गल्लीबद्दल वर कळलंय. आपली गल्ली कचेरीत चेष्टेचा विषय झालीय. मला विचारतात, काय हो, तुमच्याकडे गोठाच आहे का?"

"अरे, हसू देत. सुमतीला छावणीत नेलं तर पोर कुणाच्या अंगावर पाजू? तुझ्या कचेरीच्या?"

त्र्यंबकने पगडी उतरवून खुंटीला लावली. छावणीत एकाला एक लागून खाटा होत्या, हे त्याला ठाऊक होतं. दुधाच्या तापाची बाई तिथे ठेवली तर चार दिवसांत गाठीच्या तापाची होणार, हे आईला न सांगताही ठाऊक होतं.

सकाळी डाक्टरीण आली. ठेंगणी, पांढरं लुगडं, पायांत बूट. मागे कारकून, त्याच्यामागे डोली. आवडाबाई दारात उभ्या.

"घरात कोण आजारी?"

"मुलगी. ओली बाळंतीण आहे. दूध साकळलंय."

कारकुनाने डाक्टरणीकडे पाहिलं. डाक्टरीण हसली नाही. "आई, या गल्लीत मला आणखी काही ऐकायलाच मिळत नाही. इथून तीन मढी गेली, तीही दुधाचीच. त्यात एक पुरुष होता." तिने डोलीवाल्यांना हात केला. "दार सोडा."

"सोडणार नाही."

"मग शिपाई सोडवतील. आत्ता शेजारच्या घरी गेले होते. सासू म्हणते, सुनेचं दूध साकळलंय, आवडाबाईंना विचारा. तर विचारते. तिथलं खरं आहे?"

भिंतीपलीकडे रंगूबाईंचं डोकं दिसत होतं. खरं आहे म्हणावं तर स्वतःच्या तोंडची उरलीसुरली पत जाते, आणि सुमती डोलीत. खोटं म्हणावं तर रतन डोलीत.

मग त्या दारातून बाजूला झाल्या. "शेजारचं मला विचारू नका. माझ्या घरातलं बघा. हात लावून बघा. त्र्यंबक, बाहेर जा. कढत पाणी ठेवलंय, डाक्टरीणबाई, आधी हात धुवा. पोर लहान आहे."

बाईच्या अंगाला हात लावू देणार नाही म्हणणाऱ्या आवडाबाईंनी स्वतःच्या हाताने लेकीची चोळी सोडली. डाक्टरणीने जांघ पाहिली, काख पाहिली, जीभ पाहिली. मग छातीवर बोटं टेकवून हळूहळू पुढे आणली. सुमती दात आवळून पडली होती. पिवळट, दह्यासारखं थोडं आलं, आणि मागून दुधाची धार लागली. पोर वासाने रडू लागलं.

"दूधच आहे," डाक्टरीण म्हणाली. "पोटीस चांगलं बांधलंय. पोराला याच बाजूला आधी लावा, रडलं तरी. आणखी दोन दिवस गेले असते तर चिरावं लागलं असतं."

आवडाबाईंनी पदराने तोंड पुसलं. डाक्टरीण बाहेर ओट्यावर आली, बूट घालता घालता थांबली.

"आता शेजारचं विचारू?"

"मघाशी विचारलंत की."

"मघाशी तुमच्या शब्दावर माझा विश्वास नव्हता. आता आहे."

रंगूबाई भिंतीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. गुपचूप पोचवलेल्या दोघी आवडाबाईंच्या डोळ्यांसमोर आल्या, आणि तो नवरा. तो तर काल-परवापर्यंत ओट्यावर बसून तंबाखू मळायचा.

"रतनचा मुलगा चार वर्षांचा आहे," आवडाबाई म्हणाल्या. "भाकरी खातो. आणि माळ्यावर उंदीर पडलेत."

रंगूबाई काही ओरडल्या नाहीत. "तुमच्या लेकीचं निभावलं ना," एवढंच म्हणाल्या. डोली त्यांच्या दारी वळली.

त्या आठवड्यात सगळी गल्ली घरं सोडून डोंबिवलीच्या बाजूच्या माळावर झोपड्यांत गेली. घरांना चुना लागला, कौलं उघडली. माळावर आवडाबाईंची झोपडी सगळ्यांनी टोकाला टाकली. पाण्याला गेल्या की बायका घागरी आपल्याकडे ओढून घेत. वासंतीसुद्धा. "ज्या जिभेने वाचवलं तिनेच धरून दिलं," असं कुणी म्हणालं. आवडाबाईंनी ते ऐकलं. घागर भरून त्या टोकाच्या झोपडीकडे वळल्या.

महिन्याभराने रतन परत आली. चालत नाही, बैलगाडीतून. केस कापलेले, गाल आत गेलेले, पण जिवंत. माळावरच्या बायका गोळा झाल्या. रंगूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "दुर्गाडीच्या देवीला ओटी बोलले होते, म्हणून आली."

"देवीचीच कृपा," आवडाबाई आपल्या झोपडीतून म्हणाल्या. जोरात म्हणाल्या, ऐकू जाईल असं.

रंगूबाईंनी तिकडे पाहिलं नाही. सुनेला आत नेलं, पाणी दिलं. मग बाहेर येऊन चूल फुंकता फुंकता, पाठ न वळवताच विचारलं, "सुमतीचं दूध कसं आहे?"

"येतंय," आवडाबाई म्हणाल्या. "दोन्हीकडून."

"मग वाटीभर पाठवा. रतनच्या डोळ्यांत घालायचंय, चुरचुरतात."

आवडाबाई वाटी घेऊन स्वतःच उठल्या.