पाण्यातली शप्पथ

स्विमिंग पूलच्या काचेच्या दारावर कागद चिकटवला होता: ‘महिलांच्या सकाळच्या बॅचसाठी महिला लाइफगार्ड पाहिजे. अर्धवेळ. चाचणी घेतली जाईल.’ मी भाजीची पिशवी हातात घेऊन तो पुन्हा पुन्हा वाचला. आतला वॉचमन शेवटी उठून आला आणि म्हणाला, “बाई, पाठ झाला असेल तर बाजूला व्हा, लोकांना आत यायचंय.”

पाठ तर झालाच होता. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून मी घराला बांधलेली. नवऱ्याची दुपारची शिफ्ट, म्हणजे सकाळी तो घरी असतो, पण सकाळपुरती नोकरी मला देतो कोण? जिथे जावं तिथे दिवसभर हवी असायची माणसं. ही नोकरी कुणी आमच्या घरात डोकावून, माप घेऊन शिवल्यासारखी होती. आणि पोहणं ही जगातली एकच गोष्ट, जी मला कुणी शिकवायला आलं तर मी त्याला दोन गोष्टी सुनावू शकले असते. बाबांनी मला तळ्यात शिकवलं होतं आणि मी धाकटीला.

धाकटी म्हणजे माझी बहीण. माझ्याहून बरीच लहान, म्हणून तिला कुणी कधी नावाने हाक मारलीच नाही. चपलांच्या दुकानात काउंटरवर असायची, एकटीच एका खोलीत राहायची. पहिला फोन मी तिलाच केला. नवऱ्याला नंतर सांगितलं.

“अगं, चाचणीला बुडणारी बाई आपली आपण आणायची, असा तिथला नियम आहे,” मी म्हणाले. “ती पाण्यात धडपडणार, मी वाचवणार.”

“मी आहे ना,” ती म्हणाली. “मला बुडायचा दांडगा अनुभव आहे.”

होताच. तळ्यात शिकताना ती सारखी ओरडायची, “मेले! ताई, मेले गं!” गुडघाभर पाण्यात उभी राहून मेलेली असायची. मी धावून धावून वैतागले. शेवटी मीच नियम काढला: ‘मेले’ म्हटलंस तर मी ढुंकून बघणार नाही. खरंच बुडत असलीस तर ‘शप्पथ’ म्हणायचं. आणि खोटं म्हणायचं नाही, कधीच नाही, नाहीतर मी पुन्हा कधी येणार नाही. त्यानंतर तिने तो शब्द एकदाच वापरला. पाण्यातल्या वेली तिच्या पायाला गुरफटल्या होत्या आणि तोंडातून धड आवाजही फुटत नव्हता, पण तेवढा शब्द आला. मी तिला केसांना धरून बाहेर काढलं. घरी आम्ही दोघींनी कुणालाही काही सांगितलं नाही.

चाचणीच्या आधीचे दिवस मी घरात उच्छाद मांडला. लोडाला छातीशी धरून जमिनीवरून ओढत नेणं, उशी उताणी टाकून तिच्या छातीवर दाब देणं, सगळं चालू होतं. सासूबाई पलंगावरून बघत असायच्या. एकदा म्हणाल्या, “काय गं, आली का शुद्धीवर?” त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या होत्या. नवरा म्हणाला, “नोकरी मिळो न मिळो, कापूस तेवढा पिंजून निघाला.” पण सकाळी सासूबाईंचं सगळं तो करील, हे त्याने मी न सांगताच कबूल केलं. इतकी वर्षं मी कुणाची सून, कुणाची बायको आणि कुणाची आई होते. त्या उंच खुर्चीवर बसले असते तर कुणाचीही कुणी नसते, आणि हे मला किती हवं होतं ते माझं मलाच तेव्हा कळलं.

पूलवर चाचणी घेणारे एक वयस्कर शिक्षक होते. गळ्यातली शिट्टी ते बोलतानाही तोंडातून काढत नसत, म्हणून सगळे त्यांना शिट्टी सर म्हणत. त्यांनी माझ्या खांद्यावर पट्टा अडकवला. पट्ट्याला दोरी, दोरीला लांबलचक लाल फोमची ट्यूब.

“एकच गोष्ट लक्षात ठेवा,” ते म्हणाले. “बुडणारा माणूस हाताला लागेल त्यावर चढतो. तुमच्यावर चढला की दोघं तळाला. म्हणून त्याच्या आणि तुमच्या मध्ये ही ट्यूब. ती सोडायची नाही. सख्खी आई बुडत असली तरी ट्यूब मध्ये.”

“सख्खी बहीण आहे,” मी म्हणाले. धाकटी पाण्यातून हसली.

शिट्टी वाजली. धाकटीने खोल पाण्यात जाऊन असं काही हातपाय झाडले की बाकावर बसलेल्या दोन बायका उभ्याच राहिल्या. मी उडी घेतली. डोकं पाण्यावर, नजर तिच्यावर, ट्यूब पुढे, सगळं अगदी शिकल्याप्रमाणे. मी ट्यूब तिच्या छातीपाशी सरकवली. तिने ती धरली नाही. तिचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला, ती खाली गेली, वर आली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, शप्पथ.”

मी पट्टा खांद्यावरून काढून फेकला. विचार वगैरे काही केला नाही, विचार करायला वेळ कुठे होता. सरळ समोरून जाऊन तिला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि तिच्यासकट नाकातोंडात पाणी घेत काठाशी आले. सरांची शिट्टी केव्हापासून वाजत होती, मला ती ऐकूच आली नव्हती.

“दोघीही बुडाला असतात,” सर म्हणाले. “ट्यूब कुठे आहे?”

ट्यूब लांब, पलीकडच्या कोपऱ्यात तरंगत होती.

“सर, तिला खरंच काहीतरी झालं होतं. पायात गोळा आला तिच्या.” धाकटी काठावर बसून पोटरी आवळून धरत होती, डोळे मिटलेले.

“मग तर ट्यूब जास्तच हवी होती. बाई, राग मानू नका. तुम्ही उत्तम पोहता. पण तुम्ही नातेवाईक आहात, लाइफगार्ड नाही.”

मला रडू आलं, पण नोकरीसाठी नाही, खरंच नाही. ती वाचली होती, एवढ्यानेच आलं. तिला बाकावर बसवून, पाय सरळ ठेवायला सांगून मी ओल्या कपड्यांवरच दुपट्टा गुंडाळला आणि दुखण्यावरचा स्प्रे आणायला मेडिकलमध्ये पळाले. जवळच्या दुकानात नव्हता, पुढच्या चौकापर्यंत जावं लागलं. परत आले तर तिच्या केसांतून पाणी निथळत होतं. मीच माझ्या टॉवेलने ते पुसले. माझ्या खांद्यावर हात टाकून ती लंगडत चालली. तिच्या खोलीवर मी तेल कोमट करून तिची पोटरी चोळली, आणि ती उशीत तोंड खुपसून मधूनमधून म्हणत होती, “हळू गं, ताई.”

पुढच्या आठवड्यात मी हिय्या करून पुन्हा पूलवर गेले. म्हटलं, सरांना विनंती करावी, दुसरी कुणीतरी बुडणारी घेऊन पुन्हा एकदा बघा. बहिणीच्या जागी परकी बाई असती तर माझ्या हातून ट्यूब सुटली नसती, हे त्यांनाही पटलं असतं. सकाळची बॅच चालू होती. सर दाराजवळच्या केबिनमध्ये रजिस्टर चाळत बसले होते.

“अहो, जागा भरली की!” ते म्हणाले. “आणि तुमच्याच घरात गेली. मग हरकत काय?”

“कुणाच्या घरात?”

त्यांनी मान वळवून काचेकडे बघितलं, म्हणून मीही बघितलं. पलीकडे उंच खुर्ची होती. खुर्चीवर लाल टी-शर्ट घालून धाकटी बसली होती.

“पण तिच्या पायात गोळा...”

“गोळा?” सर हसले. “त्याच दिवशी झाली तिची चाचणी. तुम्ही मेडिकलमध्ये गेलात ना, तेव्हा म्हणाली, आलेच आहे तर माझीही घेऊन टाका. बुडायला कुणी नव्हतं म्हणून वीट टाकली, तर खोल पाण्याच्या तळातून ती काढून आणली पोरीने. पायबिय अगदी ठणठणीत.” मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी शिट्टी तोंडातून काढली. “तुम्हाला बोलली नाही का ती?”

मला आधी आठवले ते केस. मी माझ्या हातांनी पुसलेले, दुसऱ्यांदा भिजलेले केस. आणि मग ते ‘हळू गं, ताई.’ चाचणीत खोटं बोलली, ते पाण्यात, घाईत बोलली असेल असं मी एखाद वेळी स्वतःला समजावलंही असतं. पण घरी, कोरड्या गादीवर, मी तिची धडधाकट पोटरी चोळत असताना तिने हळू म्हणावं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चपला काढल्या आणि ओल्या फरशीवरून सरळ खुर्चीपाशी गेले.

“पाय कसा आहे?” मी विचारलं.

तिने माझा आवाज ओळखला. तिचे खांदे ताठ झाले. पण मान वळली नाही.

“बरा आहे,” ती पाण्याकडे बघत म्हणाली.

“माझ्याकडे बघ.”

“बघता येत नाही, ताई. पाण्यात बायका आहेत.”

नियम बरोबर होता. खुर्चीवर बसलेल्याने पाण्यावरून नजर काढायची नाही. त्यामुळे मला तिच्या कानाशी भांडावं लागलं.

“नोकरी हवी होती तर सांगायचं होतंस.”

“दुकान बंद झालं गं. महिना होऊन गेला. आईला नाही सांगितलं, तुलाही नाही.”

“मला का नाही? मी चाचणीला गेलेच नसते.”

“गेली असतीस.”

गेलेच असते. भांडले असते, फुगून बसले असते, पण गेले असते, आणि ते तिच्या तोंडावर सांगून. सरळ दोघी उतरलो असतो पाण्यात, जिची असेल तिची नोकरी.

“आणि ट्यूब मी नाही सोडली,” ती हळूच म्हणाली. “तू सोडलीस.”

“तू काय बोललीस म्हणून सोडली? बोल ना. मोठ्याने बोल, सगळ्यांना ऐकू दे!”

पाण्यातल्या दोन-तीन बायका थबकल्या. धाकटीने शिट्टी फुंकली. “मावशी, काठावरून उडी नाही मारायची!” पलीकडची एक जाडजूड बाई ओशाळून शिडीने उतरली. धाकटीचा आवाज तिथे खणखणीत होता. माझ्याशी बोलताना तो पुन्हा बसला.

“मला दुसरं काही सुचलं नाही,” ती म्हणाली. “तू दुसऱ्या कशानेही ट्यूब सोडली नसतीस.”

इतकी नीट ओळखत होती ती मला. मी कुठे मोडते ते तिला ठाऊक होतं, कारण तिथे बोट ठेवायला मीच तिला शिकवलं होतं.

“नोकरी नेलीस, ने,” मी म्हणाले. “पण आता तू कुठेही, कशातही बुडायला लागलीस तर मी काय ओळखायचं? सांग ना. मला कळणार कसं?”

तिचे डोळे भरले असावेत, पण ते तिने पुसलेही नाहीत, नजर पाण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिली. काम ती चोख करत होती. त्यात मला नाव ठेवायलाही जागा नव्हती, आणि त्याचाही मला राग आला.

मी गेले नाही. म्हटलं, आज हिच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय हलायचंच नाही. बाकावर, बायकांच्या पिशव्यांच्या मध्ये बसून राहिले. बॅच संपली. एकेक बाई शिडीने वर आली, बडबड करत, केस पिळत कपडे बदलायच्या खोलीकडे गेली. ती जाडजूड बाई सगळ्यात शेवटी निघाली. लाटा थांबल्या, तळाच्या फरश्या स्वच्छ दिसायला लागल्या.

धाकटी खुर्चीवरून खाली उतरली आणि माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभी राहिली. पाण्यात आता कुणीच नव्हतं. तरी ती पाण्याकडेच बघत होती.