नारळ घेऊन आलेले

सकाळी आठलाच फाटकाबाहेर रांग लागे, पण ती आत यायला नसे. लोधिवलीच्या अलीकडे, जुन्या हायवेला लागून असलेल्या एका शाळेत कोविड सेंटर उघडलं होतं. रांग लागे ती समोरच्या बंद गॅरेजच्या पत्र्याखाली, चांगोबाबांपुढे. वर्षभरापूर्वीपर्यंत बाबा टेंपो चालवत. आता ते लाल धागा बांधत आणि मागच्या पाटीकडे बोट दाखवत. पाटीवर बऱ्या झालेल्यांची त्रेपन्न नावं होती. खाली मोठ्या अक्षरांत: 'धागेवाले गेले: शून्य.'

"डाक्टरकडं हाय का असली पाटी?" बाबा विचारत. "इषाणू असंल चीनचा, पण फुप्फुस रायगडचं हाय. ते आपलंच ऐकणार."

शाळेत गणित शिकवणाऱ्या सुचेताबाईंची ड्यूटी सेंटरच्या टेबलावर होती. एप्रिलमध्ये त्यांचा धाकटा भाऊ अनुपम इथंच दाखल झाला होता. त्याला पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायच्या आधी बाई गुपचूप बाहेर आल्या होत्या आणि धागा नेऊन त्याच्या मनगटाला बांधला होता. शिकवलेलं सगळं त्या क्षणी कुठं गेलं, त्यांना अजून कळत नव्हतं. चौथ्या दिवशी अनुपम गेला.

मे महिन्यात एकदा त्या पाटी वाचत उभ्या राहिल्या. त्याचं नाव बऱ्या झालेल्यांत नव्हतं, ते ठीकच. पण गेलेल्यांतही तो नव्हता. आत सेंटरच्या फळ्यावर पाहिलं. तिथंही लिहिलेलं: 'मृत्यू: शून्य.'

"सिस्टर, हे कसं?" त्यांनी नूरबानोला विचारलं.

नूरबानोनं रजिस्टर पुढं सरकवलं. "ज्याचं बिघडतं त्याला आपण पुढं पाठवतो, बाई. मग तो तिथल्या कागदावर जातो."

त्या दिवसापासून बाईंनी दाखल झालेल्या प्रत्येकाच्या घरी फोन लावला: माणूस कसा आहे, धागा बांधला होता का. कधी गेलेल्याचाच नंबर लागे आणि पलीकडून कुणीतरी घाईनं 'हॅलो' म्हणे, जणू त्याच्याचकडून फोन आलाय. कोंडाणे गावातल्या एका आईनं सांगितलं, "मुलाचा फोन चार्ज करून ठेवते मी. तो वाजला की बरं वाटतं." बाईंनी उगाचच आणखी दोनदा तो नंबर लावला.

नवव्या दिवशी एकशे सत्त्याण्णव जणांचं कळलं. धागा बांधलेले अडुसष्ट, त्यांतले सात गेले. न बांधलेले एकशे एकोणतीस, त्यांतले तेरा गेले. दोन्हीकडे दहात एक.

त्याच सकाळी सेंटरमधल्या, धागा बांधलेल्या हरीचा ऑक्सिजन शहाऐंशीवर आला. अँब्युलन्स उभी होती, पण त्याची बायको आवडी दारात आडवी आली. "बाबा म्हनतात, गाडीत घातला की धाग्याचं बळ जातं."

सुचेताबाई तिला घेऊन पत्र्याखाली गेल्या. रांग मागं सरली.

"बाबा, पाटीवर नाव कधी लिहिता?"

"बरा होऊन नारळ घेऊन आला, की लिवतो."

"आणि जो बरा होत नाही?"

"तो कशाला येतोय?"

बोलून गेल्यावर बाबांच्या लक्षात आलं. बाईंनी धागा बांधूनही गेलेल्यांची सात नावं वाचली. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं चौथ्या नावाला मान खाली घातली.

"श्रद्धा कमी पडली असंल," बाबा पुटपुटले.

"सातवा माझा भाऊ," बाई म्हणाल्या. "धागा मीच बांधला होता. माझी श्रद्धा त्या दिवशी पुरेपूर होती."

आवडीनं विचारलं, "तिकडं नेला तर वाचंल का, बाई?"

हो म्हणणं सोपं होतं. "खात्री नाही गं. लवकर नेलेल्यांतले बरेच परत आलेत, उशिरा नेलेल्यांतले कमी. म्हणून आत्ता ने."

आवडीनं हरीला नेलं. तो सतरा दिवसांनी घरी आला.

बाबांची पाटी आठवडाभरात उतरली. पण बाईंनी आधी सेंटरचा शून्य पुसला. तिथं लिहिलं: 'एप्रिलचे शंभर, गेले चौदा. मेचे सत्त्याण्णव, गेले सहा. पुढं पाठवलेले धरून.'

"म्हणजे उतरतंय ना?" नूरबानोनं विचारलं.

"तसं दिसतंय. पण अकरा जण अजून ऑक्सिजनवर आहेत, ते यात नाहीत. मास्क काढायला सांगू नकोस कुणाला."

आशा ठेवावी, ती अशी, सगळ्यांना मोजून. शून्य दाखवणारी पाटी बाबाची असो की सरकारची, तिच्यापुढं हात जोडायच्या आधी एवढंच विचारावं: यात कोण मोजलं गेलेलं नाही?