बनात साहेबाची शिंक

अमेरिकेत गोऱ्यांची गोऱ्यांशी लढाई जुंपली आणि अमरावतीच्या बाजारात पाय ठेवायला जागा उरली नाही. तिकडचा कापूस बंद पडला, म्हणून विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची भूक लागली. रस्त्याकडेच्या बाभळी रुईच्या पुंजक्यांनी पांढऱ्या झाल्या होत्या आणि गाड्यांची रांग पार गावाबाहेर जायची.

जयवंता त्या रांगेतला एक गाडीवान. चांदूर बाजारकडचा. स्वतःची गाडी, स्वतःची बैलजोडी, घरी बायको सुभद्रा. बोलायला मोजका, कामाला चोख. बाकीचे गाडीवान गाड्या सोडल्या की चिलमीभोवती बसत. जयवंताला चिलीम सोसायची नाही. एका झुरक्यात अशी ढास लागायची की बैलसुद्धा मान वळवून पाहायचे. तो आपला लांब बसून चणे खायचा.

त्या दिवशी त्यानं खुशालराव अडत्याच्या गंजीपाशी गाडी खाली केली. खुशालराव म्हणजे बाजारातलं मोठं प्रस्थ; त्यांनी मान हलवली की बाजार मान हलवायचा. त्यांच्या दारची कापसाची गंजी घराएवढी उंच होती. तिच्याभोवती एक तरुण साहेब फिरत होता. विलायतेच्या एका पेढीसाठी तो कापूस घ्यायचा. नाव बेनेट, बाजारानं त्याचं बनात करून टाकलं होतं. साहेब स्वभावानं गरीब. फक्त दोन गोष्टी वाईट होत्या: तोंडात सदा चिरूट, आणि नाकात रुईचा तंतू गेला की शिंक.

साहेबानं गंजीतून मूठभर कापूस उपसला, धागा ताणून पाहिला आणि शिंकला. चिरूट तोंडातून उडाला तो नेमका गंजीच्या बुडाशी.

जयवंतानं पाहिलं. साहेबानं पाहिलं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग जयवंता धावला. बैलांसाठी भरून ठेवलेली घागर त्यानं ओतली, ती पुरली नाही, म्हणून तो पेटता कापूस दोन्ही हातांनी ओढून बाहेर फेकू लागला. साहेब काय करावं न सुचून टोपीनं वारा घालत होता. त्यानं आग आणखी फुलली. लोक धावत येईस्तोवर अर्धी गंजी गेली होती, अर्धी वाचली होती. मधोमध जयवंता उभा होता, काळाठिक्कर, हातांची कातडी सोललेली. बाजूला साहेब, पांढऱ्या सदऱ्यावर डाग नाही.

"जयवंत्या," खुशालराव हळूच म्हणाले, "हे काय केलं बाबू तू?"

जयवंतानं तोंड उघडायच्या आत साहेबच पुढं झाला. हिंदुस्तानी त्याची मोडकी होती, पण म्हणणं सरळ होतं. "हम किया. हमारा चिरूट गिरा. ये आदमी आग बुझाया. अच्छा आदमी."

जयवंताला वाटलं, मिटलं. तेवढ्यात त्याला दिसलं की खुशालरावांच्या डोळ्यांत पाणी आलंय.

"पाहा," खुशालराव गर्दीकडं वळून म्हणाले, "आपल्याच्यानं होईल का हे? एका गाडीवानासाठी येवढा मोठा माणूस आपल्या अंगावर आळ घेऊन राहिला."

गर्दीत कोणीतरी हात जोडले. मग सगळ्यांनीच जोडले. साहेब पुन्हा म्हणाला, "हम किया." लोकांना आणखी भरून आलं.

खटला काही झाला नाही. फौजदारानं दोघांचं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "साहेब म्हणते मी केलं, तं साहेबावर खटला कोण भरन? अन् जयवंत्यावर भरला तं साहेब त्याच्याकडून साक्षीले उभा राहीन. तुमचं तुमीच पाहा बापा." म्हणून दुसऱ्या दिवशी निंबाच्या झाडाखाली बाजाराचे पंच बसले. सगळा बाजार लोटला. जयवंता हाताला खोबरेल लावून, चिंध्या गुंडाळून एका कडेला उकिडवा बसला. त्याच्याजवळ अब्दुल रहीम बसला होता. तो अकोल्याचा गाडीवान, जयवंताचा कित्येक खेपांचा सोबती.

"जयवंता चिलीमच ओढत नाही," अब्दुल रहीम उठून म्हणाला. "त्याच्याजवळ चकमकसुद्धा नसते. आग आणली कुठून त्यानं?"

पंचांनी यावर विचार केला. खुशालराव म्हणाले, "तेच तं. जो ओढते त्याले आगीची सवय असते. साहेब दिवसभर ओढते, आजवर कधी पडला का चिरूट? जयवंत्याले सवय नाही. बिनसवयीचा माणूस आगीजवळ गेला की असंच होते."

हे सगळ्यांना पटलं. जयवंताचे भाजलेले हात पाहिले गेले. ज्याचे हात भाजले तो आगीत होता, हे उघड होतं. साहेबाचे हातही पाहिले गेले. ते गुलाबी आणि निर्मळ होते. तेही उघड होतं.

साहेब स्वतःहून साक्ष द्यायला आला. त्याच्यासाठी खुर्ची आली, गळ्यात झेंडूचा हार पडला. त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. शिंकही करून दाखवली. एक म्हातारा पंच बाजूच्याला म्हणाला, "बिचारा खोटं बोलाले शिकलाच नाही. पाहा कसा अडखळून राहिला." साहेब अडखळत होता तो हिंदुस्तानीमुळं, पण हे सांगणार कोण?

निकाल लागला. आग लावल्याबद्दल जयवंताला शिक्षा नाही, कारण साहेबाची तशी इच्छा दिसते. पण एका सत्यवचनी माणसाला त्यानं चारचौघांत खोटं बोलायला लावलं, हा गुन्हा माफ करण्याजोगा नाही. त्यानं साहेबाच्या पाया पडून माफी मागावी, आणि पुढं त्याची गाडी कापसाच्या बाजारात येऊ नये.

सुभद्रा गावाहून आली होती. तिनं नवऱ्याच्या चिंध्या बदलता बदलता विचारलं, "तुमी नाही नं लावली?"

"नाही."

"मंग माफी कायची?"

"साहेबाले खोटं बोलाले लावल्याची."

"पण तो तं खरं बोलून राहिला."

"हाव. तेच तं."

सुभद्रानं चिंधीची गाठ मारली. मग म्हणाली, "तुमच्या जागी तो भाजला असता तं?"

"तं मीच त्याले भाजलं, असं ठरलं असतं," जयवंता म्हणाला.

माफी मागायला तो साहेबाच्या तंबूपाशी गेला तेव्हा बरोबर दहा-वीस माणसं होती, बरोबर मागतो की नाही हे पाहायला. जयवंता वाकला. साहेबानं त्याला खांदे धरून उठवलं आणि स्वतःच वाकायला लागला. तसे लोक धावले आणि त्यांनी जयवंताला मागं ओढलं. साहेबाला वाकायला लावतो म्हणजे काय, असं म्हणून एकानं त्याच्या पाठीत गुद्दाही घातला.

साहेबाचा तोल सुटला तो तेव्हा. तोंड लालबुंद झालं. त्यानं दवंडी पिटवली की येत्या बाजारी आग कशी लागली ते तो सगळ्यांसमोर करून दाखवणार. डोळ्यांनी पाहिलं तर तरी हे लोक मानतील, असा त्याचा हिशेब. माणूस चांगला होता, पण वऱ्हाडात नवा होता.

बाजारच्या दिवशी लग्नाला जमावी तशी गर्दी जमली. मोकळ्या जागेत साहेबानं स्वतःच्या खरेदीचा थोडा कापूस रचून घेतला. जयवंताला लांब, बैलांच्या हौदापाशी उभं केलं होतं आणि दोन्हीकडं दोन माणसं ठेवली होती. तिथून त्याला सगळं दिसत होतं.

साहेबानं चिरूट पेटवला. कापूस उपसला, धागा ताणला, नाकाशी नेला. शिंक येईना. आता मुद्दाम आणायची म्हटल्यावर कुठली येते? त्यानं सूर्याकडं पाहिलं, नाक चोळलं. लोक श्वास रोखून उभे. शेवटी खुशालरावांनी अदबीनं तपकिरीची डबी पुढं केली. साहेबानं चिमूट ओढली आणि असा काही शिंकला की चिरूट सरळ कापसात जाऊन बसला. भसकन जाळ उठला.

"असा," साहेब डोळे पुसत ओरडला. "हम. ऐसा किया."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"हुबेहूब जयवंत्या," कोणीतरी म्हणालं.

"पायसुद्धा त्याच्यासारखेच टाकले."

"अन् शिंकला पाहा कसा. आपल्या लोकायसारखाच शिंकला."

जयवंता हौदापाशी उभा राहून ऐकत होता. त्यालाही क्षणभर वाटून गेलं की साहेबानं आपली नक्कल झकास केली. पुढच्याच क्षणी त्याचं त्याला कळलं. आणखी चार दिवस इथं राहिलो तर आपण स्वतःच कबुली देऊन बसू, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात वारा सुटला. जळते पुंजके उडाले आणि खुशालरावांच्या उरलेल्या अर्ध्या गंजीवर जाऊन पडले. सगळा बाजार पाण्याला धावला. जयवंताही निघाला होता, पण त्या दोघांनी त्याला घट्ट धरून ठेवलं, न जाणो आणखी काही करेल. गंजी जळून राख झाली. खुशालरावांनी राखेकडं पाहिलं. मग ते चालत हौदापाशी आले. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"इतक्या दुरून, जयवंत्या," ते म्हणाले. "इतक्या दुरून लावली तू."

"मी इथं उभा होतो, मालक. हे दोघं धरून होते मले."

"तुह्यासाठीच साहेबाले हे करावं लागलं नं?"

त्याच दिवशी जयवंतानं बैल जुंपले, सुभद्राला गाडीत बसवलं आणि अब्दुल रहीमच्या मागोमाग अकोल्याची वाट धरली.

अकोल्याकडं तेव्हा आगगाडीच्या सडकेचं काम जोरात होतं. अब्दुल रहीमनं मुकादमाशी बोलून जयवंताला दगड वाहायला लावून दिलं. दगड पेटत नाहीत, एवढं समाधान होतं. पण गोष्ट त्याच्या आधीच येऊन पोचली होती. दुपारी बायका चुली पेटवायच्या तेव्हा मुकादम त्याची गाडी पलीकडच्या अंगाला लावायला सांगायचा. पोरं त्याला पाहून फू फू करायची. सुभद्रा शेजारी विस्तव मागायला गेली तर शेजारीण आधी विचारायची, "ते घरी नाहीत नं?" बनात साहेबाचं नाव मात्र अकोल्यातही लोक कानाला हात लावून घ्यायचे.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा अब्दुल रहीम अमरावतीची खेप करून परतला आणि हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं म्हणाला, "तुह्या साहेबाले पेढीनं परत बोलावलं. निरोपाले सारा बाजार लोटला होता. खुशालरावांनी भाषण केलं. म्हणे असा खरा माणूस पुन्हा होणे नाही."

"साहेब काय म्हणाला?"

"काय म्हणते? हम किया, म्हणाला. लोक रडले."

दोन दिवसांनी जयवंता सडकेवर दगड उतरवत होता आणि समोरून एक टांगा आला. पुढं जिथवर रूळ पोचले होते तिथवर जाऊन साहेबाला मुंबईची गाडी धरायची होती. साहेबानं जयवंताला ओळखलं. टांगा थांबवून तो खाली उतरला, टोपी काढली आणि भर उन्हात त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"जयवंता," तो म्हणाला, "माफ करो. हमको माफ करो." आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

कामावरची माणसं कुदळी टाकून जमू लागली. कोणी पाणी आणलं, साहेबासाठी. एकजण जयवंताच्या कानाशी येऊन म्हणाला, "काय केलं बे तू साहेबाले?" मुकादम लांबून हातातली छडी आपटत येताना दिसला.

जयवंतानं आजूबाजूला पाहिलं. सगळं पुन्हा होणार होतं, आणि यावेळी अकोल्याच्या पुढं जायला गाव कुठलं?

"साहेब," तो हळूच म्हणाला, "तुमचं मन मले समजलं. पण तुमी जितकं रडान, तितका मी मरन. टोपी घाला. अन् मले शिवी द्या."

साहेबाला आधी कळलं नाही. जयवंतानं डोळ्यांनीच गर्दीकडं, येणाऱ्या मुकादमाकडं खूण केली. साहेबानं एकेक चेहरा पाहिला. अमरावतीत दोनदा कापूस जाळूनही जे त्याला उमगलं नव्हतं, ते इथं उमगलं. त्यानं नाक पुसलं, टोपी घातली आणि छाती फुगवली.

"हटो," तो ओरडला. "गधा. सूअर का बच्चा. रास्ता छोडो." मग पुढचं त्याच्या भाषेत, भरभर आणि बरंच लांब. त्यात काय होतं ते जयवंताला कधीच कळलं नाही. पण बोलता बोलता साहेबाचे डोळे पुन्हा भरायला लागले तसा तो घाईनं टांग्यात जाऊन बसला, आणि टांगा धूळ उडवत गेला.

गर्दी सैल झाली. सगळ्यांचे चेहरे खुलले.

"येवढा वेळ बोलला तुह्याशी," मुकादम म्हणाला. छडी त्यानं काखेत घातली होती. "नावानं हाक मारली."

"हाव."

"ओळख हाय म्हणाची."

"जुनी," जयवंता म्हणाला.

त्या दिवसानंतर त्याची गाडी चुलींपाशी लागली तरी कोणी काही म्हणेना. आठवडाभरात मुकादमानं त्याच्या हाताखाली चार गाड्या दिल्या. संध्याकाळी भाकरी थापता थापता सुभद्रानं विचारलं, "साहेब काय म्हणत होता?"

"शिव्या देल्या."

"काहून?"

"माफी मागाले आला होता."

सुभद्रानं तव्यावरची भाकरी उलटली, चुलीत काटकी सारली आणि त्याच्याकडं न पाहता म्हणाली, "भला माणूस होता मंग."

"भला होता," जयवंता म्हणाला आणि ताट ओढून जेवायला बसला.